गवताची राखण

ऑस्ट्रेलियात शहराबाहेर पाचेक एकर जमीन घेऊन दोन घोडे पाळणाऱ्या माणसाबद्दल इतरांचा एक ठाम समज असतो: याच्याकडे घोडे आहेत, म्हणजे हा घोड्यावर बसत असणार. माझं म्हणणं असं, की हा माणूस मुळात गवताचा राखणदार आहे, आणि गवत राखायचं ते त्याच्याच घोड्यांपासून. जमीन घेतली घोड्यांनी मनसोक्त चरावं म्हणून; आणि ताबा मिळाल्यापासून सगळी अक्कल, पैसा आणि विजेच्या तारा खर्ची पडतात त्या घोड्यांनी चरू नये म्हणून. (घोडे दोन का? तर कळपातलं जनावर एकटं राहिलं की कासावीस होतं, म्हणून पहिल्याच्या सोबतीला दुसरा. दुसरा पहिल्याइतकंच खातो.)

पुरावा घोड्याच्या पोटातच आहे. घोडा दिवसातले चौदा-सोळा तास खात असतो, आणि हा हावरटपणा नव्हे. त्याच्या जठरात आम्ल सतत झरत असतं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की आत व्रण पडतात. शिवाय त्याला ओकता येत नाही. आत गेलं ते पुढेच सरकायला हवं, मध्ये अडलं की पोटशूळ, रात्री-अपरात्री पशुवैद्य आणि त्याचं बिल. थोडक्यात, तोंड सतत चालू हवं. आता समोर काय आहे? वसंतातलं, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं कोवळं लुसलुशीत गवत, साखरेने ठासून भरलेलं. साखरेने रक्तातलं इन्सुलिन चढतं, आणि खुराचं कवच आतल्या हाडाशी बांधून ठेवणारा थर दुखावतो. मग घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो आणि एक पाऊल टाकायला तयार होत नाही. २००७ साली क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट तट्टांचं नुसतं इन्सुलिन वाढवून हा रोग ओढवून दाखवला. खाल्लं तोंडाने, भोगलं पायांनी.

मग चरायला सोडायचं कधी? साखर दिवसभर उन्हात साठते आणि रात्री गवत ती स्वतःच्या वाढीला वापरतं, म्हणून पहाट चांगली. पण रात्री दव गोठलं असेल तर गवताची वाढ थांबते, साखर तशीच राहते, म्हणून पहाट वाईट. चरून चरून आखूड झालेलं, उन्हाने पिवळं पडलेलं गवत अगदी गरीब दिसतं. पण हाल सोसणाऱ्या त्या बुडख्यांतच साखर दाटते. तेव्हा थंडीत सूर्योदयाआधी बॅटरी घेऊन, कुरणात ओणवा होऊन गवताची पाती चाचपणारा माणूस दिसला, तर त्याचं काही हरवलेलं नाही. तो न्याहारीचा निर्णय घेतो आहे.

हे झालं चांगल्या गवताचं. किकुयू हे आफ्रिकेतून आलेलं गवत न्यू साउथ वेल्सपासून क्वीन्सलंडपर्यंत कुठेही माजतं, दुष्काळ पचवतं, तुडवलं तरी हटत नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं, घोड्याचं शरीर मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं, आणि जबडा सुजून तोंड भलतंच रुंद दिसू लागतं. शेजारची गाय तेच गवत खाऊन निवांत रवंथ करते, कारण तिच्या पोटातले जिवाणू ऑक्झलेटचा निकाल लावतात. वसंतात टेकड्याच्या टेकड्या जांभळ्या करून टाकणारी पॅटरसन्स कर्स ही वनस्पती मधमाश्यांना मध देते आणि घोड्याचं यकृत खलास करते. बरं, गवत नको तर झाडाची सावली तरी? १९९४ साली ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात घोड्यांमध्ये आणि माणसांमध्ये जो विषाणू सापडला, तो फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून येतो. म्हणून वटवाघळं येतात त्या झाडाखाली चारा-पाणी ठेवायचं नाही. पाच एकरांत उरलं काय? कुंपण.

त्या कुंपणाच्या आत काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. हिरव्यागार कुरणाला विजेची पट्टी लावून घोडे एका मातकट तुकड्यात ठेवतात. बाहेरून सुकं गवत विकत आणतात, पाचशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो. ते तासभर पाण्यात भिजवतात, म्हणजे त्यातली थोडीफार साखर निघून जाते. मग ते निथळतं ओझं बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगतात, म्हणजे घोड्याला एकेक काडी ओढून काढावी लागते आणि तोंड दिवसभर चालू राहतं. पैसे देऊन आणलेलं अन्न आधी निकस करायचं आणि मग मिळेनासं करायचं, या कामाला तिथे काळजी घेणं म्हणतात. आणि ते योग्यच आहे, हीच तर गंमत आहे.

यावर पहिला आक्षेप हटकून येतो: कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानातले रानटी घोडे, ब्रम्बी, कोणाच्या जाळीवर जगतात? खरं आहे. पण ते पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी मैलोन्‌मैल चालतात, त्यात खूर झिजतात आणि साखरही जळते. जो लंगडतो तो मरतो, आणि त्याची खबर पशुवैद्यापर्यंत जात नाही. शिवाय त्यांनी डोंगरावरच्या दलदली तुडवून ठेवल्या म्हणून २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली. आदर्श म्हणून पुढे ठेवावं असं हे जीवन नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. भीमथडीच्या तट्टांनी मुलूख पालथा घातला, तेव्हा कोण गवत भिजवत होतं? भिजवत नसतील, पण चाऱ्याचा घोर आपल्यालाही होता. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र आपल्याला रयतेला त्रास देऊ नका या आज्ञेसाठी आठवतं. त्याच पत्रात दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल, हीही ताकीद आहे. ऑस्ट्रेलियात उंदराचीही गरज नाही. ओलसर राहिलेल्या गवताचे गठ्ठे रचले की ते आतून तापून आपणहून पेट घेतात. आणि सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असा हिशेब आहे. पाच एकरवाल्याकडे दोन घोड्यांमागे पखालजी, मोतद्दार आणि लीद काढणारा हे सगळे मिळून तो एकटाच. लिदीचा हिशेबही करून ठेवतो: घोड्यामागे दिवसाला वीस किलो धरले तरी दोघांचे वर्षाला चौदा टनांच्या वर जातात. ती उचलावीच लागते. नाहीतर जंताच्या अळ्या गवतावर चढतात, आणि लिदीभोवतीचं गवत घोडा तोंडात घेत नाही. म्हणजे जे थोडं खायची परवानगी आहे तेही वाया.

तिसरा आक्षेप सोपा: रोज दौडवा की, साखर जाईल! जाईल. पण गवताचे पैसे मिळवायला मालक आठवडाभर शहरात असतो, आणि शनिवार-रविवार कुंपणाचे.

यावर बाजारात एक तोडगा मिळतो. मळणीच्या वेळी खळ्यावर बैलाला बांधतात तसं मुसकं, फक्त खाली लहानसं भोक असलेलं, म्हणजे गवताचं एखादंच पातं आत यावं. खळ्यावर मुसकं धान्य वाचवतं, इथे घोड्याला वाचवतं. ते लावून दोघांना एकदाचं हिरव्या कुरणात सोडता येतं. मग एक घोडा दुसऱ्याच्या मुसक्याचा पट्टा दातांनी ओढून काढतो, दोघे पोटभर चरतात, आणि मालक गुडघाभर गवतात मुसकं शोधत फिरतो.