कोथिंबिरीवर किती पॉइंट?

क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत कोणी कोथिंबीर घेताना दिसत नाही. तिथली माणसं सदैव विमानतळावर असतात आणि त्यांचं सामान दुसरंच कोणीतरी ओढत असतं. कार्डासोबत येणाऱ्या पुस्तिकेत लाउंज असतं, स्पा असतो, गोल्फच्या मोफत फेऱ्या असतात. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याने गोल्फ नेमका कोणत्या डब्यात खेळायचा, तेवढं मात्र पुस्तिकेत नसतं.

आपला खर्च वेगळा. दूध, भाजी, वडापाव, रिक्षा, इस्त्री, झेरॉक्स, मुलीच्या प्रोजेक्टसाठी कार्डशीट, आईच्या गुडघ्याचं मलम. सगळं वीस, चाळीस, नव्वद रुपयांतलं. पण महिनाअखेरीला या चिल्लरीची बेरीज सहा हजारांवर जाते आणि मग डोक्यात किडा वळवळतो: एवढे पैसे जातातच आहेत, तर त्यावर पॉइंट का सोडा? फोनवरचा मुलगा तर टपूनच बसलेला असतो. ‘सर, मैं बँक से बोल रहा हूँ, आपके लिए लाइफटाइम फ्री कार्ड है.’ पुढच्या वाक्यात कळतं की फ्री पहिल्या वर्षापुरतं आहे. बँकेच्या लेखी आपलं आयुष्य तेवढंच असावं.

आता पॉइंटांचं गणित. साध्या कार्डांवर साधारण असं लिहिलेलं असतं: १५० रुपयांच्या खर्चाला एक पॉइंट. वाचायला किती सोज्वळ! पण हा हिशोब महिन्याच्या बेरजेवर होत नाही, एकेका बिलावर होतो, आणि वरचे सुटे रुपये सोडून दिले जातात. २९९ च्या बिलाला एक पॉइंट, १४९ च्या बिलाला भोपळा. एका संध्याकाळी तुम्ही ८० ची भाजी घेतली, ४० चे दोन वडापाव घेतले, ६० रुपये इस्त्रीवाल्याला दिले आणि १४० चं औषध आणलं. एकूण ३२० रुपये गेले, पॉइंट शून्य. हेच ३२० एका दुकानात एका बिलावर उधळले असते, तर दोन पॉइंट पडले असते.

दोन पॉइंट म्हणजे किती? अशा कार्डांवर एका पॉइंटची किंमत बहुधा २५ पैसे असते. म्हणजे सगळी संध्याकाळ मिळून आठ आणे. चार आण्याचं नाणं सरकारने ३० जून २०११ ला चलनातून बाद केलं. भिकाऱ्यानेही त्याआधीच बाद केलं होतं. बँकांनी मात्र त्याला पॉइंट म्हणून नवा जन्म दिला, आणि आपण ते नाणं जमवायला ॲप उघडून बसलो आहोत.

बरं, जमले पॉइंट. आता ते वटवायचे. अनेक बँका वटवायचेच ९९ रुपये घेतात, वर १८ टक्के जीएसटी. झाले ११६ रुपये ८२ पैसे. चार आण्यांच्या भावाने ही फी वसूल व्हायलाच ४६८ पॉइंट लागतात आणि ४६८ पॉइंटांसाठी ७०,२०० रुपये खर्चावे लागतात. महिन्याला सहा हजारांची किरकोळ खरेदी धरा, आणि वरच्या भोपळ्यांकडेही कानाडोळा करा. वर्ष संपत येतं तेव्हा तुमच्याकडे नेमके इतकेच पॉइंट असतात की ते वटवण्याचा खर्च वटवण्यातून भागावा. पुढे खरा नफा सुरू व्हायचा, तर जुने पॉइंट दोन-तीन वर्षांत मुदत संपून बाद व्हायला लागतात. खाली उरतो कॅटलॉग. त्यात कॅसरोल, ट्रॉली बॅग आणि कोणीही मागितलेला नसलेला ब्लूटूथ स्पीकर.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांनी या दीडशेच्या पायरीवर मात केली आहे. मेडिकलवाल्याकडे ते उभे असतात.

‘किती झाले रे?’

‘एकशे अडतीस, काका.’

‘मग बारा रुपयांचं अजून काहीतरी दे.’

‘काय देऊ?’

‘काहीही दे. दीडशे कर.’

मेडिकलवाला आता विचारतही नाही, सरळ खोकल्याच्या गोळ्या टाकतो. काकांच्या घरी त्या गोळ्यांनी डबा भरला आहे. ‘अहो, घरात कोणाला खोकला नाही हो,’ काकू म्हणतात. काका मोबाइल दाखवतात: एक पॉइंट जमा. बारा रुपये देऊन चार आणे कमावणाऱ्या माणसाला आमच्या लहानपणी शहाणा म्हणत नसत. आता ‘सर, यू आर अ प्रिव्हिलेज्ड कस्टमर’ म्हणतात.

थोडे अधिक तयार गडी पाच टक्के कॅशबॅकच्या कार्डामागे धावतात. किराण्यावर पाच टक्के! पण किराणा कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवत नाही आणि बँकही तुमच्या पिशवीत डोकावत नाही. प्रत्येक दुकानाला कार्ड व्यवस्थेत चार आकडी कोड असतो. किराणा-सुपरमार्केट ५४११, औषधाचं दुकान ५९१२, फास्ट फूड ५८१४. तुम्ही मेडिकलमधून साबण, बिस्किटं आणि सॅनिटरी पॅड आणले तरी बँकेच्या दृष्टीने तुम्ही आजारीच. कोपऱ्यावरच्या वाण्याने मशीन घेताना दुकानाचा कोड भलताच लागला असेल, तर त्याच्याकडची तूरडाळ किराणा ठरत नाही. आणि बहुतेकदा त्या पाच टक्क्यांच्या खाली बारीक अक्षरांत एखाद्या ॲपचं नाव असतं: खरेदी तिथूनच, वर महिन्याची कमाल मर्यादा. भाडं, वॉलेट भरणं, पेट्रोल, कधी विमा, कधी वीजबिल, हे सगळं आधीच पंगतीबाहेर बसवलेलं.

पेट्रोलवरून आठवलं. पंपावर कार्ड घासलं की एक टक्का सरचार्ज लागतो आणि कार्डवाले तो माफ करतात, अशी त्यांची ख्याती आहे. बहुतेक कार्डांवर ही माफी ४०० रुपयांच्या पुढच्या बिलाला असते. स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला ती लागू नाही. मोठ्या गाडीवाल्याचा सरचार्ज माफ, स्कूटरवाल्याचा वसूल. आणि माफ झालेल्यांचाही फक्त सरचार्ज परत येतो. त्यावरचा जीएसटी परत येत नाही.

२०२२ साली मात्र या किरकोळ दुनियेत खरी गडबड झाली. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची मुभा जाहीर केली आणि सप्टेंबरात मुंबईत त्याची सुरुवात झाली. मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे देता येऊ लागले. चहावाल्याचा स्पीकर ‘दस रुपये प्राप्त हुए’ असं ओरडायचा, तो तसाच ओरडत राहिला. पण आता त्यातले काही दहा रुपये उधारीचे होते. मात्र भाजीवाल्या मावशीचा क्यूआर तिच्या स्वतःच्या खात्याचा असेल, तर तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. व्यापारी म्हणून नोंदलेला क्यूआरच लागतो. त्यामुळे कोथिंबिरीवर पॉइंट मिळेल की नाही, हे जुडी बघून नव्हे, मावशीचा क्यूआर बघून ठरतं.

पण गोम पुढेच आहे. बक्षिसाचे पैसे येतात कुठून? दुकानदाराकडून. कार्ड घासलं की त्याला दीड-दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापून पैसे मिळतात आणि त्यातला शिळापाका तुकडा आपल्या पानात वाढला जातो. छोट्या दुकानदाराकडे रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवरून २००० रुपयांपर्यंत दिले, तर हे शुल्कच लागत नाही. नियम चांगला आहे, चहावाला वाचतो. पण मग बँकेच्या हातात त्या दहा रुपयांतून काही पडत नाही, आणि ज्यातून काही पडत नाही त्यावर पॉइंट वाटायला बँक म्हणजे भंडारा नव्हे. म्हणून काही कार्डांवर यूपीआयच्या खर्चाला निम्मेच पॉइंट, काहींवर महिन्याची कमाल मर्यादा, काहींवर सरळ नकार. कार्ड घेण्याआधी या ओळीपाशी थांबा. लाउंजचं पान नंतर वाचा.

जिथे मशीन आहे तिथलं गणित दुकानदाराला तोंडपाठ असतं. मोबाइलचं कव्हर घ्यायला जा, कार्ड काढा, तो म्हणेल, ‘कार्ड आहे का? मग वर दोन टक्के.’ एक टक्का कॅशबॅक मिळवण्यासाठी दोन टक्के देणारे लोक मी पाहिले आहेत. चेहऱ्यावर समाधान असतं.

वाण्याची जुनी वही यापेक्षा बरी होती. महिनाभर लिहून ठेवायचा, पगाराच्या दिवशी हिशोब, व्याज नाही, आणि पूर्ण पैसे चुकते केले की पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे. त्याला ९९ रुपयांची फी नव्हती. पैसे थकले तर तो घरी यायचा, हा एवढाच वांधा. बँक घरी येत नाही, व्याज लावते. महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तरी वर्षाला बेचाळीस. सहा हजारांचं बिल एक महिना लांबलं तर ढोबळमानाने २१० रुपये व्याज, वर जीएसटी, मिळून २४७ रुपये ८० पैसे. सहा हजारांच्या महिन्याने दोन वर्षं पॉइंट जमवले, तर होतात २४० रुपयांचे. दोन वर्षांचे खोकल्याचे डबे एका तारखेत साफ, आणि उशिराचा दंड वेगळाच. शिवाय एकदा बाकी मागे राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज खाल्लेल्या वडापाववर आजपासूनच व्याज चालू. बिलावर मोठ्या अक्षरांत छापलेली ‘मिनिमम ड्यू’ची रक्कम ही बँकेची मेहेरबानी नाही, तिचा गळ आहे.

एवढं ऐकूनही कार्ड हवंच असेल, तर घ्या, माझ्याकडेही आहे. किरकोळ खर्चासाठी कायमची वार्षिक फी नसलेलं घ्या. ४९९ ची फी जीएसटीसह ५८८ रुपये ८२ पैसे होते, आणि ती एक टक्का कॅशबॅकमधून भरून काढायला जवळजवळ एकोणसाठ हजारांची खरेदी लागते. ‘लाखभर खर्च केलात तर फी माफ’ ही अट दूध-भाजीवाल्या माणसासाठी लिहिलेली नाही, त्याला सोफा घ्यायला लावण्यासाठी लिहिलेली आहे. पॉइंट नको, थेट बिलातून वजा होणारा कॅशबॅक हवा. रुपेचं असावं. छोट्या बिलांचे पैसे अपूर्णांकासकट धरतात की खाली ओढतात, ते विचारा. ४० रुपयांवर एक टक्का म्हणजे ४० पैसे, आणि रुपयाखालचं सगळं गिळणारी कार्डं आहेत. ऑटो-डेबिट पूर्ण रकमेचं लावा. फॉर्ममध्ये ‘मिनिमम’वर आधीच टिकमार्क असू शकते, ती काढा. आणि पाकिटात एकच कार्ड ठेवा. भाजीला एक, औषधाला दुसरं, रिक्षाला तिसरं असा फौजफाटा बाळगणाऱ्याच्या तीन ड्यू डेटपैकी एक केव्हातरी हुकतेच.

जास्तीची कार्डं बंद करा. फोनवरची मुलगी आधी फी माफ करेल, मग पाचशे पॉइंट भेट देईल, मग ‘सर, कारण समजू शकेल का?’ असं विचारेल. ऐकू नका. थकबाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढे बंद होईपर्यंत रोजचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. किमान खर्चाची अट नाही, कोड नाही, वटवायची फी नाही. संपूर्ण कार्ड बाजारात यापेक्षा चांगला रिवॉर्ड मला अजून दिसलेला नाही. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.