मिशी हीच ओळख

नाशिकच्या नव्या मिसळवाल्यांनी लोगोचा प्रश्न कायमचा निकालात काढला, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. एक वर्तुळ, त्यात पीळ दिलेली मिशी, वर फेटा, खाली दोन आडव्या मिरच्या आणि ‘स्थापना २०२४’. अक्षरे मात्र मुद्दाम खरवडलेली, पेशवाईतली पाटी कालच वाड्यावरून उतरवून आणल्यासारखी. ‘सुला’ वाइनच्या लेबलावरचा सूर्यही मिशी राखून असतो, मग तर्रीनेच का गुळगुळीत राहावे?

काही कुरकुरे लोक विचारतात, सगळ्यांचा लोगो एकच, तर गिऱ्हाइकाने दुकान ओळखायचे कसे? ओळखायचे कशाला? गंगापूर रोडला कुठल्याही मिशीखाली गाडी लावा, पापड मिळतोच.

आमची सूचना एवढीच, की हे कार्य अर्धवट राहू नये. छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. एकच मिशी प्रत्येकाने वेगवेगळी का नोंदवावी? नाशिकच्या द्राक्षांप्रमाणे मिशीलाही भौगोलिक मानांकन घ्यावे, तेही २०२७ च्या सिंहस्थाआधी. पीळ किती अंशांचा, तुरा डावीकडे की उजवीकडे, हे ठरवायला समिती नेमावी. चवीचा विषय समितीच्या कार्यकक्षेबाहेर ठेवलेला बरा.

अशाच एका दुकानात रस्सा ढवळणाऱ्या मावशींना आम्ही लोगोबद्दल मत विचारले. पदराला हात पुसत त्यांनी पाटीकडे बराच वेळ पाहिले.

“कोण हो हे? भटारखान्यात तर कधी दिसले नाहीत.”