रोल बसलाय का?

आमच्या दिवाणखान्यात आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे. मी सुटात, सौ. शालूत, दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात हार. मागे बर्फाचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याला तळं, तळ्यात दोन राजहंस. आमचं लग्न मे महिन्यात कोल्हापुरात झालं. नवा पाहुणा हमखास विचारतो, "काश्मीरला केलंत काय लग्न?" मी हो म्हणून मोकळा होतो, कारण खरं सांगायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात चहा निवतो.

आता मात्र सांगायलाच हवं. मुलीचं लग्न ठरलंय आणि फोटोग्राफर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आमच्याकडे लग्न ठरलं की यादी होते. दोन्हीकडची चार-चार माणसं जाजमावर बसतात आणि कुणी काय करायचं, कुणी काय घालायचं ते कागदावर उतरतं. कधीकधी हा कागद दोन्ही बाजूंना इतका पसंत पडतो की संध्याकाळपर्यंत अक्षताच टाकून मोकळे होतात. त्याला यादी पे शादी म्हणतात. त्यात फोटोग्राफरचा प्रश्न कुणाच्यातरी भाच्याच्या मोबाइलवर सुटतो. आमची यादी तेवढी गोड झाली नाही. तिच्यात अकराव्या ओळीला आहे : 'फोटो व शूटिंग – निम्मं निम्मं. ठरवणार : मुलीचे वडील.' ही ओळ वाचली तेव्हा सौ. हसली. का हसली, ते यादीला बसलेल्यांपैकी फक्त मला आणि आत्तीला कळलं.

गोष्ट १९९१ सालची. फोटोग्राफरशी बोली दोन रोलची झाली होती. छत्तीस दुणे बहात्तर फोटो. पहिला रोल हळद आणि सीमांतपूजनाला, दुसरा अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. पहिला चांगला निघाला. दुसरा कॅमेऱ्यात घातला तो नीट अडकलाच नाही. फिल्मची जीभ पलीकडच्या रिळात गुंतली नाही की ती जागची हलत नाही. वरचा आकडा मात्र बिनबोभाट पुढे सरकत राहतो. फ्लॅश पडतोय, खटका वाजतोय, माणसं हसतायत. छत्तिसाच्या रोलमध्ये एखाद-दुसरा फोटो जास्त निघायचा, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या रोलमध्ये चव्वेचाळीस झाले. फोटोग्राफरने याला अंबाबाईची कृपा म्हटलं आणि आम्ही त्याला जिलेबी जास्त वाढली.

अशा कॅमेऱ्यात फिल्म पुढे ओढली की रोल परत गुंडाळायची कळ आपोआप फिरते. ती फिरत नसेल तर रोल बसलेला नाही. एवढं साधं असतं. मला हे लग्नानंतर पाच दिवसांनी, धुऊन आलेली कोरी पट्टी उजेडात धरून सांगण्यात आलं. सांगणारा तोच होता.

त्याने पैसे परत देऊ केले, पण आमच्या वडलांना पैसे नको होते, फोटो हवे होते. मग लग्नाच्या आठव्या दिवशी आम्ही पुन्हा नटलो आणि ओळखीच्या एका स्टुडिओत गेलो. हल्ली प्री-वेडिंग म्हणतात ना, तसं आमचं पोस्ट-वेडिंग. मधल्या आठ दिवसांत आमचं पहिलं भांडणही होऊन गेलं होतं, भातात पाणी किती घालावं यावरून. फोटोत सौ.च्या चेहऱ्यावर पाहुण्यांना जो लाजरेपणा दिसतो, तो अबोला आहे. कान पिळायला मेहुणा हवा, तर तो पुण्याला कामावर परत गेलेला. तेव्हा अल्बममध्ये माझा कान पिळणारा मुलगा स्टुडिओखालच्या चहावाल्याचा आहे. त्याने मनापासून पिळला. खऱ्या मेहुण्याने लग्नात नुसता हात लावला होता.

रिक्षात तिसरं एकच माणूस मावत होतं, ती आत्ती. त्यामुळे बारा फोटोंपैकी नऊ फोटोंत आत्ती आहे. कधी वरमाय, कधी करवली, एका ठिकाणी तर मुलीची आई म्हणून ओटी भरतेय. घरी राहिली ती काकी. खऱ्या लग्नात नवी इरकली नेसून दिवसभर नवरीच्या शेजारी उभी राहिली होती ती काकीच. तिला निरोप द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. महिन्याने तिने अल्बम पाहिला, शेवटच्या पानापर्यंत पाहिला, "छान आल्यात" म्हणाली आणि चहा न घेता उठली. तेव्हापासून या नणंद-भावजयी एकमेकींशी बोलत नाहीत. बारशी झाली, मुंजी झाल्या, दोन वास्तुशांती झाल्या. दोघी येतात, दोन टोकांना बसतात.

फोटोग्राफरवर माझा राग नाही. राग आहे तो स्वतःवर. हे गाव कॅमेऱ्याचं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. मग त्यांना सिनेमाच्या यंत्राने झपाटलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन १९१८च्या सुमाराला इथेच कॅमेरा तयार केला आणि त्यातून १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली, ती पुण्याला गेली १९३३ साली. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी इतके मावळे पडद्यावर दौडवले की आमच्या पेठेत दर तिसऱ्या घरात आजोबांची ढाल-तलवार घेतलेली आठवण निघते. ज्या गावात माणसं सुतार-लोहारासारखी बसून कॅमेरा घडवतात, तिथे मला एक कळ फिरत नाही हे दिसू नये! बाबूरावांचं आणि माझं एवढंच साम्य की आमच्या दोघांच्याही कामाला रंगवलेला पडदा आला.

तर या खेपेला चूक नको म्हणून मी आत्तीला बरोबर घेतलं. ती आता ८४ वर्षांची आहे, पण फोटोंचा अनुभव दांडगा.

पहिला स्टुडिओ राजारामपुरीत. आत थंडगार हवा, भिंतभर पडदा, दाढी कोरलेला तरुण. म्हणाला, "सर, आम्ही नुसते फोटो काढत नाही. आम्ही स्टोरी सांगतो."

"मग फोटो कोन काडतंय?" आत्तीने विचारलं.

त्याने हसून पॅकेजं उलगडली. ट्रॅडिशनल एक माणूस, कँडिड एक माणूस, सिनेमॅटिक दोन माणसं, ड्रोन, टीझर, रील, करिझ्मा अल्बम आणि प्री-वेडिंग. प्री-वेडिंगला पन्हाळा. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या गडावरून भर पावसात निसटले, त्याच गडावर हल्ली होणारे नवरदेव आपखुशीने अडकायला जातात आणि तीन दरवाजात हात पसरून उभे राहतात. पॅकेजचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं. तेही बाटलीतून आलं.

मग तो उजेडाविषयी बोलू लागला. संध्याकाळी सूर्य खाली आला की तासभर जो सोनेरी उजेड असतो, त्यात माणूस सुंदर दिसतो, म्हणून कपल शूट त्याच वेळी. मला त्याचं बोलणं पटलं. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत किरणोत्सव होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आता वाटेत इमारती उठल्यात, म्हणून किरण कधीकधी वरपर्यंत पोचत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण बांधणाऱ्याने कोन धरला होता तो सोनेरी उजेडाचाच. "पण आमची अक्षता दुपारी १२ वाजून ३२ मिनिटांनी आहे," मी म्हटलं. तो गंभीर झाला. "मुहूर्त थोडा पुढं नाही का घेता येणार?"

भटजी आणि फोटोग्राफर यांत आता वरचढ कोण, याचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला. पूर्वी भटजी 'सावधान' म्हणायचे आणि फोटोवाला धावायचा. हल्ली भटजी हातात अक्षता धरून फोटोवाल्याकडे बघतात आणि त्याने मान डोलावली की पुढचं मंगलाष्टक सुरू होतं. हार तर तीनदा घालावे लागतात : एकदा देवाब्राह्मणांसाठी, एकदा व्हिडिओसाठी, एकदा ड्रोनसाठी. म्हणजे आम्ही आठ दिवसांनी केलं ते आता जागच्या जागी होतं, एवढाच फरक.

दुसरा कँडिडवाला. त्याचं काम खरोखर सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, सगळे आपापल्या नादात. एक मोठा काळा-पांढरा फोटो होता : खांबाआड उभी राहून पदराने डोळे पुसणारी नवरीची आई. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. आत्तीही उभी राहिली.

"ही रडत हुती तवा तू काय करत हुतास?"

"फोटो काढत होतो, आजी."

"कळलं का तिला?"

"नाही. तेच तर कँडिड."

"मग इचारून टांगलास व्हय रं भिंतीवर?"

तो गप्प झाला. जिना उतरताना आत्ती म्हणाली, "पोरगं गुणी हाय. पन मी रडलो तर मला असं टांगून घ्यायचं न्हाई." आत्तीच्या पिढीतल्या बायका इथे स्वतःबद्दल 'आलो, गेलो, रडलो' असंच बोलतात, परगावच्यांनी दचकू नये. मी दचकलो ते दुसऱ्याच गोष्टीने. आत्ती लग्नात रडायचं ठरवून बसलीय, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसरं दुकान मंगळवार पेठेत, अरुंद जिन्याच्या वर. शाळेच्या फॉर्मवर लावायच्या पासपोर्ट फोटोंसाठी दोन पोरं रांगेत. भिंतीवर एकही नवरी नाही, एक घड्याळ आणि एका पैलवानाचा गदा घेतलेला फोटो. साठीचे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. पॅकेजचा कागद मुलाने दिला, त्यातही ड्रोन होता. ड्रोन आता सगळीकडेच असतो, केटररच्या पापडासारखा.

मी माझा प्रश्न विचारला. पस्तीस वर्षांत माझ्याजवळ जमलेलं फोटोग्राफीचं सगळं ज्ञान त्या एका प्रश्नात होतं. "रोल बसलाय हे कळतं कसं?"

मुलाला वाटलं मी थट्टा करतोय. वडलांना वाटलं नाही. त्यांनी कॅमेरा काढला, बाजूचं झाकण उघडून शेजारी-शेजारी बसवलेली दोन कार्डं दाखवली. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर जातो, एक दगा देईल तर दुसरं आहे. मग माझा एक फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवला. त्यात माझं तोंड उघडं होतं, पण फोटो होता.

"कुठल्या साली गेला तुमचा रोल?" त्यांनी हळूच विचारलं. मी साल सांगितलं. त्यांनी मान हलवली. कुणाकडून, हे विचारलं नाही.

मग डायरी उघडली, पेनचं टोपण काढलं आणि ते असे प्रश्न विचारू लागले, जे आधीच्या दोघांनी विचारले नव्हते. स्टेजवर चढू न शकणारी माणसं किती? त्यांचे फोटो खाली, खुर्चीजवळ जाऊन काढायचे. घरातलं सगळ्यांत लहान मूल केवढं? ते झोपायच्या आत ग्रुप फोटो उरकायचा. स्वयंपाकघराकडे कोण असणार? त्या बाई कुठल्याच फोटोत येत नाहीत, त्यांना मी स्वतः बोलवून आणतो. आहेर घेणार का? मग वहीवाल्याचाही एक काढतो. आणि शेवटी अगदी सहज, पासपोर्टच्या कॉप्या किती असं विचारावं तसं, "कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही? आधी सांगून ठेवा. त्या दिवशी कळलं तर पंचाईत हुते."

मी छताकडे बघितलं. पंख्याला तीन पाती होती. आत्तीने पदर नीट केला, पुन्हा नीट केला.

"ह्याची काकी हाय," ती म्हणाली.

"बरं. लांब ठेवतो."

"लांब न्हाई." आत्तीचा आवाज जरा चढला. "माज्या शेजारी. अगदी खेटून घे. इरकली नेसून ये म्हनावं."

"जेवणाआधी का जेवणानंतर?"

"आदी. जेवताना आनि कायतरी हुईल."

त्यांनी डायरीत पहिल्याच ओळीवर लिहिलं : आत्ती-काकी, शेजारी शेजारी, खुर्चीवर, जेवणाआधी. त्याखाली : कॉप्या २. मी पाच हजार ॲडव्हान्स दिला आणि पावती घेतली. काकीला निरोप द्यायला रविवारी जायचं आहे. रिक्षा आत्तापासूनच सांगून ठेवलीय.