चार तारा, चाळीस वायरी

साधी गिटार वाजवणाऱ्याला पाहुण्यांसमोर काहीतरी वाजवून दाखवता येतं. बेस गिटारवाल्याची ती सोय नाही. "अरे, एखादं गाणं होऊन जाऊ दे" असा आग्रह कुणी केलाच, तर तो डोळे मिटून मनापासून अख्खं गाणं वाजवतो, आणि शेवटी पाहुणे विचारतात, "झालं ट्यूनिंग? हं, आता सुरू कर." ऑर्केस्ट्रातही त्याची जागा ड्रमच्या शेजारी, अर्ध्या अंधारात. तो चांगला वाजवत असला तर कुणाच्या लक्षात येत नाही. थांबला तर सगळ्यांना चुकल्यासारखं होतं, पण काय चुकलं ते सांगता येत नाही.

म्हणून चाळिशी आली, बँड मोडला, ड्रमवाला बंगळुरूला आणि गाणारा संसाराला लागला, की बेसवाला कॉम्प्युटरकडे वळतो. कॉम्प्युटरच्या पोटात ड्रमपासून व्हायोलिनपर्यंत सगळे वादक तयार बसलेले असतात. ते मानधन मागत नाहीत, प्रॅक्टिसला उशिरा येत नाहीत. आपला बेस तेवढा आत पोचवायचा. एवढंच!

या 'एवढंच'पायी पुण्यातल्या कित्येक टू बीएचकेंमधली दुसरी बेडरूम कायमची गेलेली आहे.

त्याचा हिशोब साधा असतो. अ‍ॅम्पमधून आवाज येतो, तो कॉम्प्युटरमध्ये न्यायला एक वायर पुरे. अ‍ॅम्पच्या पाठीला भोकंही भरपूर असतात: लाइन आउट, हेडफोन, डीआय, स्पीकर आउट. यातलं लाइन आउट आणि स्पीकर आउट अनेकदा दिसायला सख्खे जुळे, दोन्हीत तीच जाडी पिन बसते. फरक स्वभावात. लाइन आउटमधून व्होल्टभर आला तरी खूप. 100 वॉटचा अ‍ॅम्प 8 ओहमच्या स्पीकरला मात्र भरात आल्यावर 28 व्होल्टपर्यंत पाजतो, आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला तर मिलिव्होल्टांची सवय. या जातीच्या बहुतेकांच्या घरी एक लॅपटॉप असा गेलेला असतो. तो स्वतः त्याबद्दल बोलत नाही. वहिनी बोलतात.

मग शनिवारच्या शनिवार बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत फेरी सुरू होते. काउंटरवर कोपर टेकून तो इम्पीडन्स समजावून सांगू लागतो. दुकानदार शांतपणे खण उघडतो आणि म्हणतो, "साहेब, पी-थर्टीएट टू ईपी ना? मोनो देऊ की स्टीरिओ?" साहेब दोन्ही घेतात. सोबत दोन आरसीए आणि 'असू दे, लागेल' म्हणून एक कॅनन पिन. घरी आल्यावर कन्व्हर्टरला कन्व्हर्टर लावत मालगाडीसारखी रांग लॅपटॉपपर्यंत येते. मधला एखादा डबा सैलच असतो. तो नेमका कुठला, हे शोधण्यात रविवार छान जातो.

पुढची पायरी ऑडिओ इंटरफेसची. हा डबा ऑफिसच्या मीटिंगांसाठी आवश्यक आहे असं सांगून घरात येतो. आता सगळं सुरळीत व्हावं, तर घुंइइ असा एक अखंड आवाज सुरू होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अ‍ॅम्पलाही अर्थिंग, लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरलाही अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी आपली वायर. झालं वर्तुळ पूर्ण! बेसच्या जाड्या तारेवर तिसऱ्या पट्टीत जो सूर मिळतो तो 49 हर्ट्झचा, त्यामुळे हा घुंगाट अगदी बेसच्याच प्रांतात, किंचित चढा वाजतो. माझ्या ओळखीच्या एका बेसवाल्याच्या आईंनी तरुणपणी गाण्याच्या परीक्षा दिल्यात. त्या दारातून म्हणाल्या, "षड्ज छान लागलाय रे. आता बंद कर."

चार्जर काढला की आवाज थांबतो, हा शोध त्याला लागतो. पण त्याच्या लॅपटॉपची बॅटरी एका कडव्यापुरतीच टिकते. कुणीतरी शहाणा प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकायला सुचवतो. त्याने आवाज जातो हे खरं. कधीतरी वाजवणाराही जातो. डीआयच्या शेजारी 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं एवढंसं बटण याच कामासाठी दिलेलं असतं, पण ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल वाचणं हे कीबोर्डवाल्यांचं काम.

बटण सापडल्या दिवशी मला फोन आला. गेलो. कानावर हेडफोन चढवले गेले.

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"नीट ऐक."

"काहीच नाही रे."

"तेच तर!" त्याचे डोळे पाणावले होते. ती शांतता त्याने चार मिनिटांची रेकॉर्ड केली होती. मला पूर्ण ऐकवली.

शांततेनंतर लेटन्सी येते. तार छेडली की आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत कानाशी येईपर्यंत वेळ जातो. बफर 1024 सॅम्पलचा ठेवला तर जाताना 23 मिलिसेकंद आणि येताना तेवढेच. ध्वनीला हवेतून मीटरभर जायला 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा अ‍ॅम्प 15-16 मीटरवर, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ठेवून वाजवणं झालं. मग तो अंदाजाने आधीच छेडायला लागतो. समेवर यायचं तर समेआधीच निघायचं! साथीला खरा तबलजी असता तर हातोडी फेकून मारली असती. बफर कमी केला तर तडतड, वाढवला तर उशीर. त्या दोहोंमधला आकडा शोधण्यात गेलेला पावसाळा तो आजही आनंदाने आठवतो.

एवढं झाल्यावर कधीतरी त्याच्या वाचनात जेम्स जेमर्सन येतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला हा बादशहा. साठच्या दशकातली त्याची गाणी जगाने ऐकली, आणि त्यातला बेस बहुतेक वेळा अ‍ॅम्पपुढे माइक न ठेवता वायरीने थेट मिक्सिंगच्या टेबलात गेलेला. तो म्हणे गिटारच्या तारासुद्धा बदलायचा नाही. आपल्या माणसाला घाम फुटतो. तो चोरट्यासारखा बेसची वायर अ‍ॅम्पमधून काढतो, इंटरफेसच्या 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेल्या भोकात खुपसतो आणि तार छेडतो. गोल, भरदार, स्वच्छ आवाज. ना घुंगाट, ना मालगाडी. इतके महिने मध्ये अ‍ॅम्पची गरजच नव्हती.

दुसरा कुणी असता तर त्या रात्री एखादं गाणं रेकॉर्ड करून मोकळा झाला असता. हा मान तिरकी करून ऐकतो आणि म्हणतो, "फारच स्वच्छ आहे. अ‍ॅम्पचा फील नाही." मग तो अ‍ॅम्पचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतो. पडद्यावर हुबेहूब अ‍ॅम्पचं चित्र येतं, बटणं माउसने फिरवायची. खरा अ‍ॅम्प शेजारीच असतो, त्यावर इस्त्रीचे कपडे.

"मग हा मोठा डबा आता देऊन टाकायचा ना?" वहिनी कपड्यांची घडी उचलत विचारतात.

"वेडी आहेस का! आता तर रीअँपिंग करायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे रेकॉर्ड केलेला बेस कॉम्प्युटरमधून परत अ‍ॅम्पमध्ये सोडायचा. आता कॉम्प्युटर अ‍ॅम्पला जोडायचा."

वहिनी कपड्यांची घडी पुन्हा अ‍ॅम्पवर ठेवतात. "जाच तापकीर गल्लीत," त्या म्हणतात, "येताना मिक्सरच्या भांड्याचं वायसर घेऊन ये. ते तरी नीट बसेल असं बघ."