कागद तरी वाचेल

चीनमधली बारावीची मुलं इंग्रजी उताऱ्यांचा जो सराव करतात, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. जूनमधल्या 'गाओखाव' या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीला १५० गुण. उताऱ्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. उतारा वाचत बसायला वेळ कुणाला आहे? आधी प्रश्न बघायचा, त्यातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायचा, आजूबाजूच्या दोन ओळी चाळायच्या आणि खूण करून मोकळं व्हायचं. तेही जमेना, तर कानोकानी चालत आलेला मंत्र आहेच: तीन पर्याय आखूड, एक लांब, तर लांब निवडा, तीन लांब, एक आखूड, तर आखूड. (इंग्रजी येणाऱ्याला हे सुचलं नसतं.)

पुढची सुधारणा उघड आहे. उतारा छापणंच बंद करावं. कागद वाचेल, आणि पर्याय मोजायला मुलांना पट्टी दिली की झालं.

अडचण काय ती लेखकांची. २०१७ साली झेजियांग प्रांतात याच परीक्षेच्या चिनी भाषेच्या पेपरात एक कथा आली. शेवटी मेलेल्या माशाच्या डोळ्यात चमक दिसते, तिचा अर्थ काय, हे खुद्द कथाकारालाच सांगता येईना. बिचाऱ्याने कथा तेवढी लिहिली होती, क्लास लावला नव्हता.