अर्धमेला भात

अहो काकू, जरा कुंपणाशी येता का? कपडे मागून काढा, ऊन आहे अजून. ही वाटी धरा. वास कसला घेताय, मासे नाहीत त्यात! जपानहून आले म्हणजे कच्चे मासे खायला शिकून आले, असंच धरून चाललीये सगळी गल्ली. टोकियोत लेक राहते त्या निशिकासाईत आपली माणसं इतकी, की लिफ्टमध्येसुद्धा मराठी ऐकू येतं.

रताळी आहेत हो. दाइगाकु इमो, म्हणजे विद्यापीठाचं रताळं. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या कॉलेजातल्या पोरांना फार आवडायचं, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. सालं ठेवायची. रताळं फिरवत फिरवत तिरपे तुकडे करायचे, दहा मिनिटं पाण्यात टाकायचे, कोरडे पुसायचे आणि मंद आचेवर तळायचे. मग साखरेचा पाक, त्यात चमचाभर सोया सॉस, वरून काळे तीळ. पाक मात्र चिक्कीचा होऊ द्यायचा नाही. माझा पहिल्यांदा झाला, तर जावईबापूंच्या दाढेवरची कॅपच निघून आली! बोलले काही नाहीत बिचारे.

पण माझा जीव जडला तो ओहागीवर. अझुकी म्हणून लाल चवळीसारखं कडधान्य असतं, ते शिजवून साखर घालून आटवतात. पुरणच की! फक्त वेलची नाही, जायफळ नाही, चिमूटभर मीठ. आपली लाल चवळी घेतली तरी भागतं. भात चिकट हवा, इंद्रायणीचा चालतो. तो अर्धवटच कुटायचा. त्याला त्यांचा शब्द आहे हानगोरोशी, म्हणजे अर्धमेला! ओल्या हाताने लांबट गोळे वळायचे आणि वरून पुरण थापायचं. आपण आत कोंबतो, ते बाहेर लावतात. सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, तेव्हा हेच करतात. आपला पितृपंधरवडाही त्याच्याच आगेमागे. वसंतात पुन्हा तोच पदार्थ, नाव तेवढं बोतामोची.

बरं, समोरच्या वहिनी जपानी स्वयंपाकाच्या क्लासला पैसे भरून गेल्या, कळलं का? पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर मिठाच्या हाताने भाताचा गोळा वळायला. ओनिगिरी! मी फुकटात दाखवला असता.

अय्या, थांबा थांबा, तोंडात टाकू नका! आज संकष्टी ना तुमची? सोया सॉसमध्ये गहू असतो. चंद्रोदय झाल्यावर खा.