पाचवीला बघू

तामलवाडीला जायचं म्हणून घरातून सहसा कुणी निघत नाही. देवीला निघालेला माणूस इथून जातो, सोलापूरच्या दवाखान्यात निघालेला माणूस इथून जातो, आणि पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकात अंकोल्याला समुद्र गाठणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 सुद्धा, वाटेत पडतं म्हणून, इथून जातो. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर 45 किलोमीटरचं. त्याच्या साधारण मधोमध, धाराशिव जिल्ह्याच्या उंबऱ्यावर, हे गाव. टोलनाका झाला तेव्हा गावाची एक सोय झाली होती. देशभरातल्या गाड्या इथं घटकाभर थांबायच्या, आतली माणसं पैसे द्यायला काच खाली करायची आणि मागच्या सीटवरचं एखादं पोर विचारायचं, हे कुठलं गाव? 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि ती काचही वर गेली.

अशा गावी आम्ही लेकराबाळांसह राहायला जाण्याचा विचार करतो आहोत, असं जाहीर केलं तेव्हा नातेवाइकांनी आमचं वाक्य मोठ्या प्रेमानं दुरुस्त केलं. “म्हणजे नोकरी तामलवाडीला आणि राहायला सोलापूर.” बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परंड्याकडं, आमचं बरं चाललं होतं. बदली झाली ती या टोकाला. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. ते कुठंही बसून करता येतं, त्यामुळं आमच्या बिऱ्हाडाला अमुकच ठिकाणी टेकलं पाहिजे असं काही नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच होता. सरकारचं म्हणणं असं, की शिक्षकानं मुख्यालयी राहावं आणि तसं राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणावा. जनरीत अशी, की शिक्षकानं अपडाऊन करावं. कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, तर डबा आणि हेल्मेट घेतलेला एक अख्खा समाज खेड्यांच्या दिशेनं निघालेला दिसतो. आणि नेमकी त्याच वेळी खेड्यांतली लेकरं पिवळ्या व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसून शहराकडं येत असतात. शिकवणारे तिकडं, शिकणारे इकडं. दोघांची गाठ वाटेत कुठं तरी पडत असणार, बहुधा टोलनाक्यावरच, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची मनापासून कीव येत असणार.

तामलवाडीखेरीज विचारात तीन गावं होती, आणि प्रत्येक गावाची परीक्षा घेणारं माणूस घरात वेगळं होतं. आईचा प्रश्न एकच: नळाला पाणी किती दिवसांआड येतं? आमच्या भागात हा प्रश्न ‘बरे आहात ना’च्या आधी विचारतात, त्यामुळं तिला दोष देण्यात अर्थ नाही. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते कुठलंही गाव त्याच्या स्टँडवरून ओळखतात. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा या तिन्ही राज्यांच्या गाड्या जिथं शेजारी-शेजारी लागतात ते सोलापूर त्यांच्या मते राहण्याजोगं. कारण तिथून रात्री बारानंतरही निघता येतं. गावात राहण्याची लायकी ते गाव सोडता येण्यावरून ठरवायची, हा विचार मला आधी विचित्र वाटला; पण रात्री-अपरात्री लेकरू तापानं फणफणलेलं असताना वाहन शोधलेल्या माणसाला तो वाटणार नाही. मेहुण्याचं लक्ष क्लासवर. बायकोचं, तिनं कबूल केलं नाही तरी, घरासमोर झाड आहे का यावर.

सोलापूर सगळ्यांचं लाडकं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदतात. तिथलं पोर भाजीवालीशी एका भाषेत घासाघीस करतं आणि मित्राशी दुसऱ्या भाषेत भांडतं. तुळजापूरचा विचार सासूबाईंनी मांडला, देवीच्या पायाशी राहायला मिळेल म्हणून. त्यातला धोका बायकोनं पहिल्याच मिनिटाला ओळखला. तुळजापुरात घर करायचं म्हणजे मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि दोन्ही नवरात्रांत सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना एक हक्काची धर्मशाळा काढून द्यायची. शिवाय खुद्द देवीच एका जागी बसणारी नाही. तिची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि दसऱ्यानंतरच्या झोपेसाठी पलंग व पालखी पार अहिल्यानगरहून येतात. जागा बदलायची तर आधी पलंगाचं बघावं लागतं, हे जगदंबेलाही चुकलेलं नाही. तिसरं गाव धाराशिव. जिल्ह्याचं ठिकाण, कचेऱ्या, शांतता. 2023 मध्ये त्याचं उस्मानाबाद हे नाव सरकारी कागदांवरून उतरलं आणि जुनं धाराशिव परत आलं. तिसरीतल्या लेकीनं हे ऐकून बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग त्या गावानं जागा बदलली नाही, नुसतं नावच बदललं, हे बरं केलं.”

पहिलीतला तिचा भाऊ या सगळ्या चर्चेत टेबलाखाली होता. तिथून त्यानं विचारलं, “तिथं गेल्यावर मी केवढा असेन?”

आम्ही हसलो. एवढाच असशील रे, असं म्हणालो. त्याला ते पटलं नाही, कारण टेबलावर जे चाललं होतं ते त्यानं नीट ऐकलं होतं. दहावीला कुठलं केंद्र, अकरावीला कुठलं कॉलेज, अभ्यासिका किती लांब, रात्री क्लास सुटल्यावर रस्त्यावर दिवे असतात का. आम्ही मोठी माणसं ज्या मुलासाठी गाव शोधत होतो, त्याला मिसरूड फुटलेलं होतं. तो कमी बोलायचा, त्याला स्वतंत्र खोली लागायची, गणितात त्याची थोडी काळजी वाटायची. त्याला आमच्यापैकी कुणी अजून पाहिलेलं नव्हतं. पण त्याची बडदास्त अशी चालली होती, की लग्नघरात व्याह्यांची चालावी. आणि हा सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला मूळ इसम टेबलाखाली बसून, आपल्या जागी येऊ घातलेल्या त्या लांबोडक्या पोराबद्दल चौकशी करत होता. त्याला कुठलं गाव हवं आहे, हे त्या वेळेपर्यंत कुणी विचारलेलं नव्हतं.

हे काही आमच्याच घरातलं खूळ नाही. लातूरकडं पाहा. 1982 पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. मग वेगळा जिल्हा झालं आणि पुढं राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळं ‘लातूर पॅटर्न’ असं त्याचं नाव झालं. तेव्हापासून मराठवाड्यात ‘खोली करणे’ या गोष्टीनं मूळ धरलं. बाप शेतावर, आई किंवा आजी लेकराबरोबर लातुरात, एका खोलीत कुकर, स्टोव्ह आणि फिजिक्स. माझी एक आत्या नातवाच्या ‘नीट’साठी अशीच तिथं जाऊन राहिली. आयुष्यात तिनं स्वतःसाठी गाव निवडलं नव्हतं: जन्म झाला ते आईबापाचं, दिलं ते नवऱ्याचं. इथंही ती नातवाचं म्हणूनच गेली. पण त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एकेक आजी निघाली, कुणी औशाकडची, कुणी उमरग्याची, कुणी पार नांदेडकडची. नातवंडं क्लासला गेली, की या सगळ्या गच्चीवर जमायच्या. शेवया व्हायच्या, कुरडया व्हायच्या, आणि हात चालू असताना कटऑफची चर्चा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हाही आत्या तिथंच होती. “आमच्या लातुरात पाणी रेल्वेनं येतंय,” असं ती गावाकडं फोन करून सांगे, आणि तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा ऐट जास्त असे. पुढं नातू कुठं तरी लागला, खोली सोडायची वेळ आली. आत्या काही केल्या सामान बांधायला तयार होईना. शेवटी पोराची परीक्षा अजून एकदा द्यायची राहिली आहे का, असं तिनं हळूच विचारून पाहिलं.

गाव ठरवण्याचा असा निवांत घोळ घालता येणं हीसुद्धा अलीकडची चैन. ज्या रस्त्यावर आज आम्ही अंतरं मोजतो, तिथं 1948 पूर्वी सरहद्द होती. सोलापूर मुंबई इलाख्यातलं, तुळजापूर निजामाचं, आणि तामलवाडी निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर. इकडं हाली रुपया चाले, तिकडं कलदार. इकडं वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. म्हणून ज्यांना परवडत होतं ते मुलांना पलीकडं, सोलापूर-बार्शीला, नातलगांकडं ठेवत. अपडाऊन नव्हतं, पण व्हॅनची दिशा तीच होती. मग रझाकारांच्या काळात परवडणं-न परवडणं हा प्रश्नच उरला नाही. सरहद्दीजवळच्या गावांतली कितीतरी कुटुंबं लेकरं काखेत घेऊन रातोरात पलीकडं गेली. कुठलं गाव चांगलं, असं कुणी विचारलं नाही; ओळखीचं दार असेल ते चांगलं.

माझी आजी त्यांतली एक. तेव्हा ती माझ्या लेकीएवढी असेल. त्या दिवसांबद्दल आम्ही तिला खोदून खोदून विचारायचो, आणि भीतीची, रात्रीची, पळापळीची गोष्ट मिळेल म्हणून कान टवकारून बसायचो. ती सांगायची भोंग्याबद्दल. सोलापुरात जुन्या गिरणीचा भोंगा व्हायचा आणि सगळ्या गावाला एकदम कळायचं, की आता अमुक वाजले. खेड्यातल्या पोरीनं असं काही ऐकलेलं नव्हतं. कुणी तरी एवढ्या मोठ्यानं, न रागावता, ओरडतं, याचं तिला फार अप्रूप वाटलं. भाऊ रडायचा, आई दिवसभर दुसऱ्याच्या चुलीपाशी अवघडून बसायची, आणि ही भोंग्याची वाट बघत दारात. 13 सप्टेंबरला सोलापूरहून फौजा हैदराबादकडं निघाल्या, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आणि काही दिवसांनी आजीच्या घरची माणसं आनंदानं परत निघाली. आजी तेवढी भोकाड पसरून. तिला का रडतेस म्हणून विचारायला त्या गर्दीत कुणाला सवड नव्हती.

तर मुलांना विचारायचं ठरलं, आणि त्यासाठी त्यांना गावं दाखवणं आलं. सोलापुरात दाखवलेला फ्लॅट दोघांनाही आवडला. पण तो लिफ्टसाठी, आणि लिफ्ट तर कुठंही मिळते असं लेकीनंच समजुतीनं सांगितलं. तुळजापुरात कवड्यांच्या माळा घेऊन झाल्यावर त्यांच्या लेखी गाव संपलं. परतताना, केवळ शाळा बघून घ्यावी म्हणून, तामलवाडीला उतरलो. तिथं एका आक्कांच्या घराचा पुढचा भाग रिकामा होता: दोन खोल्या, अंगण, अंगणात कडुनिंब, आणि स्लॅबवर जायला कठडा नसलेला जिना. जिना पाहून आमच्या पोटात गोळा आला आणि पोरं वर पोचलीसुद्धा. वरून महामार्ग दिसतो. दिवे लागायच्या वेळी ट्रकांची रांग नाक्याशी हळू होते, आणि गाड्यांच्या नंबरपाट्या ओळखण्याचा खेळ दोघांनी तिथल्या तिथं सुरू केला. एमएच, केए, टीएस. मग एक एमपी. मग पीबी, आणि पीबी म्हणजे पंजाब, हे कळल्यावर चिरंजीवांनी त्या ट्रकला हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो काही त्याच्यासाठी नव्हता, पण हे त्याला सांगण्याची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. इंग्रजी माध्यमाची काळजी वाहणाऱ्या मेहुण्याला मी नंतर कळवलं, की निम्मी एबीसीडी महामार्गावर झाली आहे, उरलेली पावसाळ्यापर्यंत होईल.

सासऱ्यांनी खाली रस्त्यावर उभं राहून खात्री करून घेतली, की दोन्ही दिशांच्या गाड्या इथं हात दाखवला की थांबतात. म्हणजे निघता येतं. नातेवाइकांसाठी आम्ही एक वाक्य तयार केलं: पाचवीला बघू. हे वाक्य आमच्या भागात फार गुणाचं आहे. ते ऐकलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो, आणि पाचवी कुणाची, थोरलीची की धाकट्याची, हे कुणी विचारत नाही.

आक्का भाड्याचं बोलेनात. अकरा महिन्यांच्या कराराचं काढलं, तर त्या म्हणाल्या, “ते कागदाचं तुम्ही बघा. माझं एकच हाय. कोजागिरीच्या पुनवेला अंगण माझं.” त्या रात्री सोलापूरकडून लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात, दसऱ्यानंतर निजलेली देवी त्या पौर्णिमेला उठते, म्हणून. जड वाहनं दुसरीकडून वळवतात, आणि एरवी ज्या रस्त्यावर कुणी थांबत नाही तो रात्रभर ‘आई राजा उदो उदो’नं भरून जातो. पाय सुजलेले, लेकरं खांद्यावर घेतलेले लोक मिळेल त्या अंगणात अंग टाकतात. आक्कांच्या सासूच्या सासूपासून हे अंगण त्या रात्री त्यांचं.

“किती माणसं येतात?” लेकीनं विचारलं.

“मोजत नसतेत गं बाई. चहाचं पातेलं कितीदा चढलं, त्यावरनं कळतंय.”

मग आम्हीपण रात्रभर जागायचं का, हा पुढचा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर मिळायच्या आत धाकट्यानं, आपण कुठं झोपणार, त्या कोपऱ्यावर चप्पल नेऊन ठेवली. मी आईला फोन लावून सगळं सांगितलं: घर, अंगण, शाळा, पौर्णिमा. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “टाकी किती लिटरची आहे?” मी आक्कांकडं पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, ओट्यावर बसल्या, आणि विहीर, बोअर, टँकर, कुणाच्या बोअरला कोणत्या साली पाणी गेलं, इथून जे सुरू झालं ते दिवेलागण होऊन गेली तरी संपेना. भाडं किती ठरलं, ते मला दोघींच्या बोलण्यातूनच कळलं.